पाटावरचा रणगाडा

"रणगाड्यात बसलेल्या माणसाला लढाई चालू असताना लघवीला लागली, तर तो काय करतो?"

पद्मजानं हे विचारलं आणि शाळेच्या सभागृहातल्या साडेतीनशे मुलींनी एकदम श्वास आत ओढला. एवढ्या मुली एकाच वेळी श्वास घेतात तेव्हा कसा आवाज होतो, हे मुलुंडमध्ये त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं असेल. व्यासपीठावर मुख्याध्यापिका गुप्तेबाई पाहुण्यांना घालायचा हार उचलत होत्या. तो त्यांच्या हातून निसटून त्यांच्याच पायांवर पडला. शिवणाच्या साठेबाईंनी डोळे मिटले ते मिटलेच.

खरं म्हणजे प्रश्न पद्मजाचा नव्हताच. मधल्या सुट्टीत उत्तरा तिला म्हणाली होती, "तू हल्ली फार शूर झालीयेस ना? मग विचारून दाखव." आणि मालन म्हणाली होती, "विचारलंस तर महिनाभर तुझं दप्तर मी उचलीन, जा!" पद्मजा आठवीत होती. गेल्या वर्षीपर्यंत ती हजेरीला "हजर" म्हणतानासुद्धा अडखळायची. पण या जुलैत तिला वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं, आणि तेव्हापासून तिची खात्रीच पटली होती की विचारू नये असा प्रश्न जगात नसतो.

आता तिला वाटलं, असतो बहुतेक.

पाहुणे होते सुभेदार दळवी (रणगाडा दलात या हुद्द्याला खरं तर रिसालदार म्हणतात, पण मुलुंडला सुभेदारच समजायचं). रणगाडा दलातून निवृत्त होऊन ते नुकतेच मुलुंडला राहायला आले होते. त्यांच्या मिशा इतक्या जाड होत्या की ते हसतायत की रागावलेत, हे कळायला वेळच लागायचा.

"कोण ती? उभी राहा."

"उभीच आहे मी," पद्मजा म्हणाली. आवाज तिचाच होता, पण लांबून आल्यासारखा.

"शाब्बास! चार शाळांत बोलून आलो मी. सगळीकडे एकच प्रश्न. 'सुभेदारसाहेब, रणांगणावर आपल्या मनात कोणती भावना होती?' अहो, हीच भावना होती! पाच माणसं सहा-सहा तास एका लोखंडी पेटीत कोंडलेली, दुसरी कुठली भावना असणार?" सुभेदार माइक सोडून पुढेच आले. "तर ऐक. तोफेच्या गोळ्याचं रिकामं पितळी नळकांडं असतं. त्यात काम उरकायचं. मग वरचं झाकण उघडून ते बाहेर रिकामं करायचं. फक्त करण्याआधी बाहेर कुणी मोठा साहेब उभा नाही ना, ते बघायचं. मी एकदा बघितलं नव्हतं."

"मग?"

"मग काय? सुभेदारच राहिलो."

पुढची पाच मिनिटं सभागृहात कुणाला काही ऐकू आलं नाही. गुप्तेबाई टेबलावर डस्टर आपटत होत्या. मालन बाकाखाली गेली होती आणि तिथून फक्त तिची वेणी हलताना दिसत होती. पद्मजाला मात्र आता थांबवेना. रणगाडा लांब किती, रुंद किती, चाकं किती, आत उजेड कुठून येतो, पत्रा कशानं जोडतात, तिनं धडाधड विचारून घेतलं. सुभेदारांनीही खिशातून कागद काढून सगळी मापं लिहून दिली.

"पोरी, खऱ्याच्या प्रमाणात छोटा रणगाडा बनवशील? खंडेनवमीला तुमच्या शाळेत वस्तूंचं प्रदर्शन आहे, त्याला परीक्षक मीच आहे."

"बनवीन!" पद्मजा म्हणाली. हे तर कुणी पैजही न लावता म्हणाली.

गुप्तेबाईंची चिठ्ठी तिच्याआधीच घरी पोचली होती. अण्णा, म्हणजे पद्मजाचे वडील, फोर्टातल्या एका विमा कचेरीत कारकून होते. हिरव्या कठड्याच्या माडीच्या चाळीत वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. आयुष्यात त्यांनी कुणालाच कुठला प्रश्न विचारलेला नव्हता. चिठ्ठी वाचता वाचता ते एका शब्दापाशी थांबले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. शब्द तोच होता.

"हा शब्द तू सभागृहात उच्चारलास?"

"मग कुठला उच्चारायचा होता, अण्णा?"

"कुठलाच नाही! स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं झाली म्हणून काय वाटेल ते विचारायचं?"

"पण उत्तर मिळालं ना."

स्वयंपाकघरातून आई हात पुसत बाहेर आली. "काय गं उत्तर दिलं त्यांनी?"

"अगं, तूसुद्धा?" अण्णा खुर्चीतच खाली घसरले.

चिठ्ठीसोबत आणखी एक कागद होता. नववीपासून मुलींनी गणित घ्यायचं की शिवण, ते पालकांच्या सहीनं लिहून द्यायचं होतं. पद्मजाला गणितच हवं होतं. भूमितीची प्रमेयं ती जेवताना बोटानं ताटात काढायची, आमटीत. अण्णांचं म्हणणं होतं की मुलीला शिवण आलेलं कधी वाया जात नाही. हा वाद महिनाभर चालू होता आणि आज अण्णांच्या हातात चिठ्ठी होती, म्हणजे त्यांचंच पारडं जड होतं.

"ते काही नाही. शिवण. निदान तिथे तोंड बंद राहतं, तोंडात टाचण्या धरायच्या असतात."

"अण्णा, मी रणगाडा बनवणारे. प्रदर्शनात पहिली आले तर?"

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. आपली मुलगी रणगाडा बनवणार हे वाक्य त्यांना आधी नीट कळलंच नाही. मग कळलं, आणि हसू आलं. "पहिली आलीस तर गणित. नाहीतर मुकाट्यानं शिवण. परत कटकट नाही."

"दिलं वचन?"

"दिलं."

झालं! 'पहिली आली तर गणित, नाहीतर शिवण, प्रदर्शनानंतर भरतो' असं लिहून अण्णांनी कागद कोराच शाळेत परत पाठवला, आणि दुसऱ्या दिवसापासून पद्मजा चाळीकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागली. एका फुटाला अर्धा इंच धरला होता, म्हणजे वीस फुटी रणगाडा दहा इंची. अंगासाठी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा मिळाला. वरच्या फिरत्या बुरुजाला बुटपॉलिशची रिकामी डबी बसली, अगदी जिथल्या तिथे. पुढचा उतरता पत्रा तिनं डालड्याच्या डब्यातून आईच्या कातरीनं कापला. पत्रा कापला गेला. कातरही गेली. पत्र्यावर रिवेट म्हणून तिनं सरसावर मोहरी चिकटवली, एका बाजूला एकशे बारा दाणे. उत्तरा चिमट्यानं दाणा उचलून द्यायची आणि मालन श्वास रोखून बसायची, कारण ती एकदा शिंकली होती आणि एक अख्खी बाजू उडाली होती.

पण चाकं? साखळीचे पट्टे? तोफेची नळी?

याबाबतीत पद्मजानं स्वतःपुरता एक नियम केला: जे कुणी वापरत नाही, तेवढंच घ्यायचं. शेजारच्या सुनंदाकाकूंचं शिवणयंत्र पट्टा तुटल्यापासून दोन वर्षं चादरीखाली झोपलेलं होतं. त्याच्या खणात लोखंडी बॉबिन होत्या, गोल, चपट्या, इतक्या हुबेहूब की पद्मजाला त्या बघून रडूच यायचं बाकी होतं. तिनं बारा घेतल्या. खालच्या मजल्यावरचे सहदेवकाका भांडुपच्या कारखान्यात होते. पवईच्या उतारावर आपटल्यापासून त्यांनी सायकल भिंतीवरच्या खुंटीला टांगली होती ती टांगलीच. तिची चेन तिनं काढली आणि खिळा आणि वरवंटा घेऊन तिचे बरोबर दोन तुकडे केले. आणि अण्णांच्या ट्रंकेच्या तळाशी, रेशमी फडक्यात, आजोबांचा लिहायचा टाक होता. लाकडी, काळाभोर, निमुळता. पुढचं निब काढलं की तोफ!

"विचारलंस का त्यांना?" उत्तरानं विचारलं.

"विचारलं असतं तर त्यांनी 'कशाला' असं विचारलं असतं," पद्मजा म्हणाली. "आणि चोरलंय कुठे? प्रदर्शन झालं की जिथल्या तिथे. कुणाला कळणारसुद्धा नाही. वर्षानुवर्षं हात लावत नाहीत ते."

हे खरंच होतं. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस त्या वस्तूंना कुणी हात लावत नव्हतं.

रंगाचं काम अष्टमीच्या दुपारी निघालं. "शेवाळ वाळल्यावर दिसतं ना, तसा," असं सुभेदारांनी सांगितलं होतं. चाळीचा कठडा रंगवून उरलेला हिरवा रंग जिन्याखाली होता. त्यात पिवडी घातली, काजळ घातलं. रंग झकास झाला, पण खिरीसारखा घट्ट.

"पेंटर त्यात तेल ओतत होता," मालन म्हणाली. "मी बघितलंय. बाटलीतून."

"कुठलं तेल?"

"तेल गं. तेलासारखं तेल."

घरात तेलासारखं तेल एकच होतं, कोनाड्यातली खोबरेलाची बाटली. ओतलं. रंग लोण्यासारखा पसरला. इतका सुंदर, चकचकीत, गुळगुळीत रणगाडा जगातल्या कुठल्याही सैन्याकडे नसेल, असं तिघींचं मत पडलं. दिवेलागणीपर्यंत तो वाळला नाही, पण थोडा वेळ लागणारच. जमिनीवर मुंग्या होत्या, म्हणून पद्मजानं कोपऱ्यात धुऊन ठेवलेल्या एका स्वच्छ पाटावर तो अलगद ठेवला आणि जाऊन जेवली.

सकाळी तिला जाग आली ती उदबत्तीच्या वासानं.

पाटाभोवती रांगोळी होती. पाटावर मध्यभागी रणगाडा होता. त्याच्या एका बाजूला विळी, दुसऱ्या बाजूला अडकित्ता, पुढे ती बोथट कातर, मागे अण्णांचं फाउंटन पेन. आणि रणगाड्याला, त्या शेवाळी, गुळगुळीत, जीव ओतून रंगवलेल्या रणगाड्याला, हळद लागली होती. कुंकू लागलं होतं. बुरुजावर झेंडूचं फूल होतं. अक्षता एकशे बारा रिवेटांच्या मधोमध रुतून बसल्या होत्या.

"आई!" पद्मजा किंचाळली.

आई हात जोडून बसली होती. तिचे डोळे भरून आले होते. "पद्मे, मला वाटलंच नव्हतं गं. दर वर्षी पूजेला उठवता उठवता माझा जीव जातो, आणि आज तू आपणहून आपलं हत्यार खंडेनवमीच्या पाटावर आणून ठेवलंस!"

"अगं, तो वाळत होता! आणि प्रदर्शनात न्यायचाय तो, अकराच्या आत!"

"प्रदर्शन?" आईचे डोळे झटकन कोरडे झाले. "पूजेला बसलेली वस्तू उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हलवायची नाही. आपल्याकडे नाही हं हलवत."

पद्मजाला काही बोलायचं होतं, पण तेवढ्यात तिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी लख्ख चमकलं. आज खंडेनवमी! वर्षात एकच दिवस असा येतो की प्रत्येक जण घरातलं एकूण एक अवजार, चालतं असो की बंद, खाली काढतो, पुसतो आणि पूजतो. तीनशे चौसष्ट दिवसांचा हिशेब तिनं अचूक केला होता. तीनशे पासष्टावा आज होता.

आणि भिंतीपलीकडून सुनंदाकाकूंची किंकाळी आलीच.

"अगं बाई! माझ्या मशीनच्या बॉबिनी गेल्या! बाराच्या बारा!"

पाठोपाठ खालून जिना हलायला लागला. सहदेवकाका दोन-दोन पायऱ्या चढत होते. "सायकल पूजेक खाली काढलंय, तर चेनच नाय! कोणी नेल्यान माझी चेन? चोर शिरलो चाळीत, चोर!"

आतल्या खोलीतून ट्रंकेचं झाकण आपटल्याचा आवाज आला आणि अण्णा बाहेर आले. त्यांच्या हातात नुसतं रेशमी फडकं होतं. "बाबांचा टाक नाही," ते एवढंच म्हणाले. मामलेदार कचेरीत चाळीस वर्षं आजोबा त्या टाकानं लिहीत होते. अण्णा दर नवमीला तो बाहेर काढून त्याच्यापुढे दोन मिनिटं बसायचे, कचेरीला उशीर झाला तरी.

"चौकीवरच्या पोलिसाला बोलवा!" सुनंदाकाकू दारात आल्या.

"बोलवूकच होयो! आज चेन नेल्यान, उद्या..." सहदेवकाका तिथेच थांबले. त्यांची नजर पाटावर गेली होती. ते वाकले. आणखी वाकले. "ह्या काय?"

"रणगाडा," पद्मजा म्हणाली. आवाज पुन्हा लांबून आला.

"ही माझी चेन!"

"ह्या माझ्या बॉबिनी!"

अण्णा तोफेच्या नळीकडे बघत जागच्या जागी उभे होते आणि फडक्याची घडी घालत होते. उलगडत होते, पुन्हा घालत होते. पद्मजाला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

सहदेवकाकांनी चेनीला हात घातला.

"हां, भावोजी!" आई मध्ये आली. "पोरीनं चूक केली, तिला मी बघते. पण पूजा झालीय त्याची. उद्यापर्यंत हलवायचं नाही."

सहदेवकाकांचा हात हवेतच राहिला. पूजेतली वस्तू ओढायची म्हणजे भलतंच. "अहो वैनी, पण माझ्या सायकलीची पूजा? चेन हयसर, सायकल थंयसर. अर्ध्या सायकलीची पूजा खंय करतत?"

हा प्रश्न खरोखर अवघड होता. सगळे विचारात पडले. शेवटी सहदेवकाकांनीच मार्ग काढला. ते खाली गेले, आणि पाचच मिनिटांत सायकल खांद्यावर घेऊन जिना चढून आले. रणगाड्याला खेटून त्यांनी ती उभी केली, तिला हार घातला, मग वाकून आपल्या चेनीला कुंकू लावलं. "आता पुरी झाली!"

"मग माझ्या मशीननं काय पाप केलंय?" सुनंदाकाकू म्हणाल्या. चार जणांनी पायमशीन उचलून आणलं. दार अर्धंच उघडत होतं म्हणून दार काढलं. काकूंनी बाराही बॉबिनींना एकेक बोट हळद लावली. मग बातमी पसरली की वरच्या मजल्यावर रणगाड्याची पूजा आहे, आणि ज्यांचं काहीही हरवलं नव्हतं तेही ताम्हन घेऊन आले. आरती झाली. आणि खोबरेल घातलेला रंग काही केल्या वाळणार नव्हता, तेव्हा ज्यानं ज्यानं कुंकू लावलं त्याचं बोट हिरवं झालं, आणि तेच बोट त्यानं भक्तिभावानं आपल्या कपाळाला टेकवलं.

अकरा कधीच वाजून गेले होते. पद्मजा धावत सुटली.

प्रदर्शनात तिच्या नावाची चिठ्ठी एका रिकाम्या टेबलावर होती. शेजारी उत्तराची कापरावर चालणारी होडी परातीत गोल गोल फिरत होती.

"वस्तू कुठाय?" गुप्तेबाईंनी विचारलं.

"पूजेत बसलीय, बाई."

"कारणं द्यायला बरी सुचतात! साठेबाई, हिचं नाव शिवणात लिहून टाका."

"पण बाई, खरंच! हलवता येत नाही. त्यावर सायकलसुद्धा टेकलीय, आणि..." पुढचं सांगून उपयोग नव्हता. ती जितकं खरं सांगत होती तितकं ते खोटं वाटत होतं.

सुभेदार होडीपाशी वाकलेले होते, ते सरळ झाले. "रणगाडा अडकलाय, असंच ना? अडकलेल्या रणगाड्याला आम्ही घरी बसून हाका मारत नव्हतो. जाऊन बघायचो. चला!"

मग टांग्यात पुढे सुभेदार, मागे गुप्तेबाई आणि विषयांचे कागद छातीशी धरून साठेबाई, आणि टांग्यापुढे धावत पद्मजा, उत्तरा आणि मालन, अशी मिरवणूक चाळीत आली.

जिन्यावर पहिला भेटला तो हिरव्या कपाळाचा माणूस. मग हिरव्या कपाळाची बाई. मग आणखी चार. वर सहदेवकाकांनी हिरव्या कपाळानं कडक सलाम ठोकला.

"ही कुठली पलटण?" सुभेदार पुटपुटले. खोलीच्या उंबऱ्याशी आले आणि तिथेच थबकले.

दार नव्हतं. सायकल होती, हार घातलेली. शिवणयंत्र होतं, त्यावर नारळ. आणि मधोमध हळदीकुंकवानं, झेंडूनं, तांदळानं माखलेला तो होता. गुप्तेबाईंच्या तोंडून "अरे देवा" एवढंच आलं. पद्मजानं मान खाली घातली. सहा आठवडे तिनं त्याला अस्सल रंग यावा म्हणून जीव टाकला होता, आणि आता तो गाडग्यातल्या काल्यासारखा दिसत होता.

सुभेदारांनी वाकून बुटांचे बंद सोडले. बूट बाहेर ठेवून ते अनवाणी आत आले, पाटापुढे बसले, त्यांनी रणगाड्याला कुंकू लावलं आणि हात जोडले.

"नवमीला आमच्याकडे रणगाड्यांना कुंकू लावतात," ते म्हणाले. "तोफेला हार घालतात. बाहेरून बघणाऱ्याला गंमत वाटते. ज्याला दुसऱ्या दिवशी आत बसायचंय, त्याला नाही वाटत." मग बोटाला लागलेला हिरवा रंग त्यांनी हुंगला. "फक्त खोबरेल घालत नाहीत. आणि ही तोफ? कसलं लाकूड आहे हे?"

अण्णांनी घसा साफ केला. "आमच्या वडिलांचा टाक आहे. चाळीस वर्षं त्यांनी... म्हणजे कधी कुणाविरुद्ध उगारला नाही हो तो त्यांनी."

"सरळ आहे," सुभेदार एक डोळा मिटून म्हणाले. "एवढी सरळ नळी कारखान्यातसुद्धा मिळत नाही."

अण्णांची मान आपोआप ताठ झाली. पद्मजानं ते बघितलं आणि तिचा जीव किंचित भांड्यात पडला. मग सुभेदारांनी हात न लावता फूटपट्टी धरली. लांबी बरोबर. रुंदी बरोबर. रिवेट मोजले, एकशे बारा, त्यातले तीन तांदूळ निघाले. चाकं बारा, बरोबर. त्यांनी जमिनीला गाल लावून खालून बघितलं आणि बराच वेळ तसेच राहिले.

"पोरी, हा वळतो कसा?"

"कसा म्हणजे? चाकं... चाकं वळवून."

"रणगाड्याची चाकं वळतात? मोटार आहे ही?"

पद्मजानं वाकून बघितलं. चेनीच्या आत अडकलेली चाकं कशी वळणार?

"दोन्ही पट्टे तू एकाच दांड्यावर बसवलेस. म्हणजे दोन्ही एकदमच फिरणार. हा तुझा रणगाडा इथून निघाला की नाकासमोर ठाण्याला जाईल, तिथून नाशिकला जाईल, पण वळायचा नाही. अगं, एक पट्टा धरून ठेवायचा आणि दुसरा सोडायचा, तेव्हा तो वळतो. आत दोन्ही बाजूंना वेगळा वेग देणारी दातेरी चक्रं असतात."

सगळ्या दिवसात इतके धक्के बसले होते, पण हा सगळ्यात मोठा होता. लांबी विचारली, रुंदी विचारली, नको तेही साडेतीनशे मुलींसमोर विचारलं, आणि तो वळतो कसा एवढं विचारायचंच राहिलं!

"ती चक्रं कशी असतात? बाहेरून दिसतात?"

"यंत्राचं काही बाहेरून दिसत नाही. उघडल्याशिवाय नाही." सुभेदार उठले. "पहिला नंबर उत्तराच्या होडीला. ती निदान वळते. दुसरा हिला."

उत्तरा "अय्या" म्हणाली आणि मग घाईघाईनं तोंडावर हात ठेवून दुःखी चेहरा करायला लागली, पण तो काही तिला जमेना.

साठेबाईंनी कागद पुढे केला. "मग शिवण ना? तसंच ठरलंय म्हणे तुमचं."

सुनंदाकाकूंनी पदर तोंडाशी धरला. सहदेवकाका म्हणाले, "पोरग्या हुशार हा पण, काय? चेन तोडल्यान ती एक कडी न मोडता." आई नुसती अण्णांकडे बघत राहिली, आणि ते जास्तच अवघड होतं.

अण्णांनी कागद घेतला. स्वतःचं पेन पाटावर पूजेत होतं, म्हणून साठेबाईंचं मागून घेतलं. त्यांनी एकदा तोफेकडे बघितलं. मग पद्मजाकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते ठरलेलं मोडत होते.

"वचन मी दिलं होतं, आणि ते आता मीच मोडतो," ते म्हणाले. "दुसरा नंबर तर दुसरा. लिहितो मी, गणित."

आईनं डोळ्याला पदर लावला. मालननं उत्तराला चिमटा काढला. सहदेवकाका टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

पद्मजा मात्र सुनंदाकाकूंच्या मशीनकडे बघत होती. काकूंनी पूजेसाठी त्याच्या बाजूची लोखंडी झडप उघडून ठेवली होती, आणि आत अंधारात एकात एक गुंतलेले दाते दिसत होते. एक चाक मोठं, एक लहान.

"थांबा, अण्णा, लिहू नका!"

अण्णांचं पेन थांबलं. सगळे थांबले.

"आई, अण्णा, मी ठरवलंय. मी शिवणच घेणार. गणित मी घरी करीन, त्याला काय लागतं? पण शाळेच्या शिवणखोलीत सहा पायमशिनी आहेत, आणि त्यातल्या चार आधीच बंद पडलेल्या आहेत!"